नणंदेने ओटीत घातलेला धंदा

चेन्नईत आमचं रक्ताचं म्हणावं असं एकच घर आहे, अण्णा नगरात, आणि ते नेमकं माझ्या नणंदेचं आहे. नवऱ्याची थोरली बहीण. तिचे यजमान बँकेत होते, बदलीवर इथे आले आणि फ्लॅट घेऊन इथलेच झाले. आम्ही आवडी नावाच्या उपनगरात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. मधे बसचा चांगला तासाभराचा रस्ता आहे. त्या तासाबद्दल मी देवाचे आभार मानते. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. इथे ती समोर नाही, म्हणून नुसतं ‘ती’.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने फोनवरून बोलावलं. "लवकर ये, आणि तोंड स्वच्छ धुऊन ये. पावडर नको लावूस." मला वाटलं, नेहमीचा टोमणा. पण ती सूचना होती.

हॉल बायकांनी भरला होता. शेजारच्या तमिळ बायका रेशमी पट्टुसाड्या नेसून, ओंजळभर मोगरा माळून आलेल्या. आम्ही मराठी चार-पाच. मधोमध एक स्टूल. टेबलावर बाटल्या आणि ट्यूबा अशा मांडलेल्या की मी आधी चपला काढून नमस्कारच करणार होते. बाजूला कोट घातलेली एक बाई उभी होती. ती कंपनीची मॅडम. नणंदेने माझा दंड धरला आणि मला स्टुलावर बसवलं.

"हिच्यावर दाखवा," ती मॅडमना म्हणाली. "हिच्यात फरक लगेच कळेल."

मॅडमनी माझ्या डाव्या गालावर कामाला सुरुवात केली. काय काय लावलं ते आता आठवत नाही, पण आमच्या बाथरूमची भिंत रंगवताना पेंटरनेही इतके हात दिले नव्हते. बायका मोबाईल काढून फोटो घेत होत्या. "पारुंग, पारुंग," मॅडम म्हणत होत्या, आणि सगळ्या बघत होत्या. कुणीतरी उजवीकडे बोट दाखवून "आधी" म्हटलं आणि डावीकडे बोट दाखवून "नंतर". मी दोन्हीकडे हसले.

डावी बाजू झाली आणि मॅडम हात पुसायला लागल्या.

"आणि ही?" मी उजवा गाल पुढे केला.

"ती तू घरी करायचीस," नणंद म्हणाली. "स्वतःच्या हाताने. त्याशिवाय विश्वास कसा बसणार?"

मग हळदीकुंकू, तिळगूळ, ओट्या. बाकीच्यांना वाण म्हणून क्रीमची एकेक पुडी. माझ्या पदरात मात्र तांदूळ, खण, नारळ आणि त्या सगळ्यावर एक गुलाबी डबा. ओटीत पडलेली वस्तू कुणी परत करत नाही. हे तिला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं.

"तुझं नाव मी घातलंय कंपनीत," ती म्हणाली. "डब्याचे पैसे मी भरलेत, कमावशील तेव्हा दे. आता तू माझ्या खाली."

"खाली म्हणजे?"

"म्हणजे तू विकलंस की त्यातलं थोडं मला. तू तुझ्या खाली बायका आण, मग त्यांच्यातलं थोडं तुला. रथसप्तमीपर्यंत मला उत्तर हवं. आणि ते काय हवंय ते तुला कळलंच असेल."

लग्न झाल्यापासून मी तिच्या खालीच आहे. डबा तेवढा या वेळी मिळाला.

परतीच्या बसमध्ये उभी होते, तर एक कॉलेजातली मुलगी उठली आणि मला जागा दिली. तिने उजवी बाजू पाहिली असणार. मी बसले आणि डावी बाजू तिच्याकडे केली, तर तिला उठल्याचा पश्चात्ताप झालेला स्पष्ट दिसला.

घरी लेकीने दार उघडलं. "आई, अर्धी कुठे सांडलीस?" नवऱ्याने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याने डबा पाहिला आणि विचारलं, "ताईने दिला?"

"तिच्या हाताखाली कामाला ये म्हणते."

"मग तुला हवं ते कर," तो म्हणाला. "फक्त ताईला वाईट वाटू देऊ नकोस." पंचवीस वर्षं हा माणूस मला ही दोन कामं एकत्र सांगतो आहे.

आता खरं सांगते. मी डबा उघडला. बेसिनच्या आरशासमोर उभी राहून उजवी बाजूही केली, आणि बरी दिसले. अंबरनाथला मी बालवाडीत शिकवत होते. पगार थोडा होता, पण माझा होता. इथे आलो, तमिळ येईना, शाळांनी दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून केसांच्या रंगाची पुडी आणायची तरी मी आधी नवऱ्याकडे बघते. तो कधी नाही म्हणत नाही. पण बघावं लागतं. त्यामुळे त्या संध्याकाळी, दोन्ही गाल सारखे झाल्यावर, मला वाटलं की ही बाई मला आवडत नाही म्हणून धंदा वाईट असेल असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी, कालचा चेहरा न धुताच, मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे निघाले. ती तेलुगू, मी मराठी, आमचं सगळं मोडक्या हिंदीत चालतं, आणि मुख्य व्यवहार विरजणाचा. माझं दही बिघडलं की मी तिच्याकडे, तिचं बिघडलं की ती माझ्याकडे. एका हातात वाटी घेतली, दुसऱ्या हातात डब्यातलं कंपनीचं गुळगुळीत पुस्तक. जिन्यात वाक्य जुळवत होते. तुमची त्वचा जरा कोरडी दिसते. छे. तुमची त्वचा छानच आहे, पण. पण काय?

तिने दार उघडलं. माझा चेहरा पाहिला, मग पुस्तक पाहिलं. वाटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"आज दही नहीं जमा, अक्का," ती म्हणाली.

तिच्या मागे ओट्यावर दह्याचं पातेलं दिसत होतं, वर घट्ट साय. तिनेही मागे वळून तिकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. माझ्या आधी कोण कोण तिच्या दारात असं पुस्तक घेऊन उभं राहिलं होतं, देव जाणे. रिकामी वाटी घेऊन मी वर आले आणि साबणाने तोंड धुतलं. धुताना कळलं की मला नुसता माल विकायचा नव्हता. दिसेल त्या बाईच्या तोंडात मला खोट काढायची होती, आणि हे काम नणंद माझ्यावर इतकी वर्षं फुकट करत आली होती.

संध्याकाळी तिचा फोन. "किती जणी झाल्या?"

"एक शेजारीण होती. तीही गेली."

"तुला बोलता येत नाही. तुला कधीच बोलता आलं नाही. माझ्या भावाने तुझ्याबरोबर कसे दिवस काढले कुणास ठाऊक."

"ताई, रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे," मी म्हटलं. "उत्तर तेव्हाच देते. माहेरी या."

ती आली. खालची शेजारीणही आली; मी पुस्तकाशिवाय जाऊन बोलावलं होतं. नणंद सोफ्याच्या मधोमध बसली आणि बायकांचे चेहरे न्याहाळू लागली. कुणावर किती हात द्यावे लागतील याचा हिशोब चालला होता. मी ताट घेऊन तिच्यापुढे गेले. तिने पदर पसरला. तांदूळ, खण, नारळ. मग मी गुलाबी डबा तिच्या पदरात ठेवला.

तिचे दोन्ही हात पदराला, त्यामुळे काही करता येईना. माहेरची ओटी, आणि समोर सगळ्या बायका.

"हे काय?"

"माझं उत्तर. एका गालापुरतं क्रीम कमी आहे, त्याचे पैसे तुमचा भाऊ देईल."

ती हळू आवाजात म्हणाली, "या चेहऱ्याला याची गरज होती. चार वर्षांनी रडत येशील." ओटी पोटाशी धरून ती जिना उतरली; जेवायला थांबली नाही. ‘तोवर तुमच्याकडे डबे शिल्लक असतीलच’ हे मला भांडी घासताना सुचलं. मला बोलता येत नाही हे तिचं खरंच आहे.

त्या रात्री नवऱ्याने बहिणीला फोन केला, आणि तिने तो उचलला नाही. दर पाडव्याला आम्ही अण्णा नगरला श्रीखंड खायला जायचो. यंदा बोलावणं आलं नाही. नवरा सकाळपासून दोनदा फोन बघून गेला. मी चक्का घरीच बांधला, विरजण खालच्या मजल्यावरचं. श्रीखंड जरा आंबट झालं.

"ताईच्या हातचं असं होत नाही," तो म्हणाला.

"नाही होत," मी म्हटलं, आणि आणखी वाढून घेतलं.