शोधकर्ता म्हणून माझं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही संदीपला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखत असता तर आत्ताही मी विषय बदलला असता — त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

नाशिकला कॉलेज रोडवर माझं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. कांदा-द्राक्षाच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही प्रोग्राम करायचो. आवक, वजन, बिलं वगैरे. असा धंदा करणारे जिल्ह्यात आणखी काहीजण होते आणि एकाच्या प्रोग्रामचं दुसऱ्याच्या प्रोग्रामशी जमत नव्हतं. लासलगावच्या व्यापाऱ्याने भरलेली माहिती ट्रान्सपोर्टवाला पुन्हा टाइप करायचा, निर्यातदार तिसऱ्यांदा करायचा, आणि आकडे जुळले नाहीत की शिव्या आम्हाला. शेवटी आम्ही सगळे एकत्र बसलो. एकच समान फॉरमॅट करायचा, खुला, कुणीही फुकट वापरावा असा. तेव्हा आम्हाला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, आणि वाटायला हरकतही नव्हती.

बैठका इंदिरानगरला वैद्य सरांच्या घरी व्हायच्या. सर म्हणजे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, शिस्तीचे एकदम कडक. बैठकीच्या सुरुवातीलाच ते एकेकाकडे बघून विचारायचे — यातल्या कशावर तुमचा पेटंटचा दावा आहे का? अर्ज केलाय का? प्रत्येकाने तोंडाने ‘नाही’ म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालायची नाही. आम्ही त्यांची टिंगल करायचो. ‘कांद्याच्या पावतीवर कोण पेटंट घेणार, सर?’ असं मीच एकदा म्हणाले होते. त्या दिवशी ते मनापासून म्हटलं होतं, हेही सांगून ठेवते.

संदीप विंचूरचा, आमच्यासारखाच प्रोग्राम करणारा. माझ्याहून बराच लहान, गडगडाटी हसणारा, मला ताई म्हणणारा. आमचं घोडं अडलं होतं ते फुटलेल्या मालापाशी. लिलावात एक ट्रॉली विकली जाते, मग तिचा माल वेगवेगळ्या ट्रकांत जातो, थोडा खराब निघून परतही येतो — आणि आलेला माल मुळात कुठल्या ट्रॉलीतला, हे कुठल्याच प्रोग्रामला सांगता येत नव्हतं. आम्ही त्यावर बैठकांमागून बैठका घातल्या. एक दिवस संदीप म्हणाला, “लय सोपं हाय ताई. ट्रॉली म्हंजे माय. तिचे जेवढे भाग पडतील त्या तिच्या लेकी. लेकीनं आईचं नाव सोडायचं नाय. परत माहेरी आली तर काट्यावर ठेवल्या ठेवल्या वळखली पायजे.” सगळे खो खो हसले. मग एकेकाने वही पुढे ओढली, कारण प्रश्न सुटला होता.

ते व्यवस्थित लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी बरं होतं ना माझं.

त्याच सुमारास बंगळुरूची एक मोठी कंपनी माझं ऑफिस विकत घ्यायला बघत होती. त्यांच्या माणसाने विचारलं, मॅडम, तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडेच नाही? मला उत्तर देता आलं नाही. फार झोंबलं ते. पैशांची नड होती का? मुळीच नव्हती. मला त्या माणसासमोर मोठं दिसायचं होतं, बस. मी एक पेटंट वकील गाठला. तो म्हणाला, नुसत्या प्रोग्रामवर मिळणार नाही, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला जोडलेली यंत्रणा म्हणून मांडू. मांडली. खरा आणि पहिला शोधकर्ता कोण, असं अर्जात विचारलेलं असतं. मी माझं नाव घातलं. संदीप नुसता बोलला, मांडणी तर मी केली, असं मनाला सांगितलं आणि मनाने लगेच ऐकलं.

आणि पुढची बैठक? सर विचारणार, हे ठाऊकच होतं. माझी पाळी यायच्या आत मी उठले — “चहाचं बघते.” बैठकीत मी एकटीच बाई, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. एरवी ‘चहाचं मीच का बघायचं?’ म्हणून वाद घालणारी मी! त्यानंतर प्रत्येक वेळी मीच चहाचं बघितलं. सरांच्या मिसेस म्हणायच्या, किती गं तू कामाची. खोटं बोलायला लागू नये म्हणून मी स्वयंपाकघरात आलं किसत उभी राहायचे.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही — ही चोरी झाली. चोरी एक वेळ सांगता येते. मला सांगायचंय ते पुढचं आहे.

पेटंटचा अर्ज बराच काळ गुलदस्त्यात राहतो. तेवढ्यात आमचा फॉरमॅट पूर्ण झाला, सगळ्यांनी आपापल्या प्रोग्राममध्ये घातला, व्यापारी खूश झाले. माझं ऑफिस त्या कंपनीने घेतलं, सोबत अर्जही गेला. काही वर्षांनी पेटंट मंजूर झालं आणि कंपनीने नोटिसा धाडायला सुरुवात केली — लेकी-माहेरची ती सोय वापरायची तर लायसन्स घ्या, दर पावतीमागे पैसे भरा, नाहीतर बंद करा. संदीपचा अख्खा धंदा त्या सोयीवर उभा होता.

तो माझ्या घरी आला. हातात पेटंटची प्रत. शोधकर्ता म्हणून माझं नाव ठळक छापलेलं. मी दार उघडलं. आता हा ओरडेल, शिव्या देईल — आणि खरं सांगू? सुटकाही वाटली होती थोडी.

तो म्हणाला, “ताई, हे बघा. त्यांनी तुम्हाला न इचारता तुमचं नाव लावलंय. तुम्हालाबी फसवलं.”

त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी काळजी होती. माझ्याविषयीचा राग शोधूनही सापडला नाही. एका वाक्यात सगळं संपवता आलं असतं. मी काय केलं? डोळ्यांना पदर लावला. म्हणाले, “मला काहीच माहीत नव्हतं रे.” रडूही आलं, अगदी खरं रडू. त्याने मला पाणी आणून दिलं — माझ्याच घरात.

पेटंटविरुद्ध हरकत घ्यायची मुदत अजून होती. कल्पना आपण स्वतः बैठकीत मांडली, अर्जाच्या आधी मांडली, एवढं त्याला सिद्ध करायचं होतं. तुम्ही लिहून द्याल का, असं त्याने विचारलं. विक्रीच्या कराराने माझे हात बांधलेत, असं मी सांगितलं. करार मी कधी त्या नजरेने वाचलाही नव्हता. “ऱ्हाऊ द्या ताई, तुम्ही अडचणीत नका येऊ,” तो म्हणाला.

बाकीचे कचरले. कुणी मोठ्या कंपनीशी वैर घेईना. एकटे वैद्य सर तयार झाले. त्यांनी सगळं सविस्तर लिहून दिलं — कल्पना कुणाची, कुठल्या बैठकीतली, आणि हेही, की दाव्याबद्दल विचारायची वेळ आली की मी दर वेळी उठून जात असे. त्यांनी ओळखलं होतं.

हे मला संदीपनेच सांगितलं, धंदा बंद केल्यावर. रिक्षातून उतरून तो भर उन्हात माझ्या फाटकाशी उभा होता. सरांशी कडाक्याचं भांडण झालं म्हणाला. माझ्याबद्दल लिहिलेलं काढा, असं तो सरांना सांगत होता. सर म्हणाले, खरं आहे ते काढणार नाही. तेव्हा संदीपने ते निवेदन दाखलच केलं नाही. मुदत निघून गेली. सरांच्या घरी जाणं त्याने कायमचं सोडलं.

“तुमचं नाव खराब करून मला काय जितायचं, ताई?” तो म्हणाला.

मी फाटकाच्या अलीकडे उभी होते. मी म्हणाले, “बरं केलंस.”