सुईवाल्या आक्का आणि माझी हनुवटी

सुईवाल्या आक्का नव्या गिऱ्हाइकाला आधी स्वतःची हनुवटी दाखवायच्या. तिच्यावर काळ्या डागांची दाटी होती आणि मधोमध दोन खड्डे. "बघून घे. लग्नाआधी एका दिवसात समदे केस काढून पायजे होते मला. केस गेले, हे राहिले. आता बोल, घाई हाय का?" इतकी वाईट जाहिरात करूनही चालणारं दुसरं दुकान मी अंबाजोगाईत पाहिलेलं नाही.

मी घाटनांदूरची, रंगाने चांगली काळी, आणि बाविसाव्या वर्षी हनुवटीवर दाढी म्हणावी एवढे केस. दोरा, मेण, चिमटा सगळं करून झालं होतं. लग्न ठरलं तेव्हा तीन महिने हाती होते, आणि सासरच्यांना नवरी पाहिजे होती, नवरदेव त्यांच्या घरात आधीच होता. मी आक्कांना म्हणाले, "एका दमात उरकून टाका. सारखं येणं जमायचं न्हाई."

"मग दाढी वाढीव," त्या म्हणाल्या. जबड्याखालचे दोनच केस काढून, तिथे डाग उठतो का ते बघायला त्यांनी मला तीन आठवड्यांनी परत बोलावलं.

केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, पायाने बटण दाबायचं, की सुईतून वीज जायची. एका तऱ्हेत मूळ झटक्यात भाजायचं, दुसरीत मिनिटभर हळूहळू मरायचं. आक्का काळ्या कातडीवर ही दुसरी, हळू तऱ्हाच वापरायच्या, आणि शेजारशेजारचे दोन केस एका दिवशी कधीच काढत नसत. "गोरीला लाल होतं, दोन दिवसांत जातं. आपल्याला काळं होतं, अन् ते मुक्कामाला येतं." त्यामुळे माझी हनुवटी कायम अर्धवट खुरपलेल्या वावरासारखी दिसायची. खपलीला नख लावलं तर दारात उभं करणार नाही, अशी वर धमकी.

लग्नाआधीच्या शेवटच्या बैठकीत मात्र आक्कांकडूनही चूक झाली. खपल्या पडायला लागणारे दिवस आम्ही दोघींनी अक्षतांपर्यंत मोजले. हळद त्याच्या आदल्या दिवशी असते, हे दोन बायकांच्या डोक्यातून साफ गेलं.

हळदीच्या दिवशी ते ध्यानात येऊन आक्का धापा टाकत मांडवात शिरल्या. माझी आत्या हळद लावत नाही, भांडी घासते. तिचा हात हनुवटीशी आला आणि आक्कांनी मनगटच धरलं.

"गालाला लावा, कपाळाला लावा. हिथं न्हाई."

"कावून? हळदीला न्हाई म्हणत्यात व्हय कुठं?" आत्या भडकली.

आक्कांनी पदर बाजूला करून भरल्या मांडवाला आपली हनुवटी दाखवली. "माझ्या खपल्यांवर अशीच चोळलती. बघा."

आत्याने मुकाट्याने माझ्या गालांवर दुप्पट हळद थापली. फोटोत माझा सगळा चेहरा पिवळाधमक आणि हनुवटी तेवढी काळी, म्हणजे जी दाढी लपवायला एवढा खटाटोप केला, ती अल्बममध्ये कायमची राहिली. पण डाग एकही पडला नाही. मला त्या दिवशी आक्कांचे पाय धरावेसे वाटले होते.

लग्नानंतरही मी दीड वर्ष जात राहिले. एकदा त्यांनी सुई टेकवली आणि बटण न दाबताच काढून घेतली. हात थरथरत होता. सुईच्या यंत्राची पेटी बंद करत म्हणाल्या, "तुझे तीन राहिले. राहू दे."

"तीनच तर आहेत, आक्का. काढा की."

"हात हलला तर डाग पडंल. मग आरशात तुला रोज मीच दिसन."

दुसऱ्या कुणाला त्यांनी पेटी दिली नाही. मागच्या वर्षी त्या गेल्या. बीडला आता नवी यंत्रं आली आहेत म्हणतात, पण माझं पाऊल तिकडे वळत नाही. ते तीन केस मी घरीच आरशासमोर कात्रीने कापते. डाग पडला नाही, तरी आक्का रोज दिसतात.