गुरुभाऊंची ट्रंक आणि कमळावहिनींचे डाव

गुरुप्रसादभाऊंनी जन्मभर जहाजावरचं स्टोअर सांभाळलं. निवृत्त होऊन ते मिरजोळ्याला आमच्या शेजारी राहायला आले, पण शिस्त जहाजावरचीच राहिली. बिनकामाची वस्तू दिसली की तिची रवानगी. कमळावहिनींनी जपलेल्या काचेच्या बरण्या, दांडा मोडलेल्या छत्र्या, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. अपवाद फक्त पडवीतल्या त्यांच्या स्वतःच्या लोखंडी ट्रंकेचा. तिच्यात दोरखंड, गंजलेल्या कप्प्या आणि आता पोटावर न बसणारा गणवेश होता. "लागेल कधीतरी," एवढंच ते म्हणत.

त्यांच्या मुलीने, अक्षयाने, घरातल्या जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं आणि भाऊंना नवं गोदाम मिळालं. तिथे प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक पॅकेज. एक आज्ञा टाइप केली की ते येतं, दुसरी केली की जातं. भाऊंना अर्थातच दुसरी जास्त आवडली.

त्याच संगणकावर वहिनी दुपारी एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत. "शंभर डाव जिंकलीस तर माझी ट्रंक भंगारात," असं भाऊ एकदा चेष्टेत बोलून गेले. वहिनींनी लगेच साक्षीला मला बोलावलं. जिंकलेले डाव संगणकच मोजायचा, त्यामुळे मला चहा पिण्याखेरीज काम नव्हतं.

शंभराला चार डाव कमी होते, तेव्हा भाऊंनी साफसफाई काढली. कोणी खेळत नाही ते खेळ उडवायचे म्हणून त्यांनी खेळांचं अख्खं पॅकेजच काढायला घेतलं. याच्याबरोबर आणखी एक पॅकेज जाईल, चालेल का, असं संगणकाने विचारलं. भाऊ हो म्हणाले. मग संगणकाने एक लांबलचक यादी दाखवली: ही पॅकेजं आता कोणालाच लागत नाहीत, काढायची असल्यास काढा. यंत्राची ही टापटीप भाऊंना इतकी भावली की यादी न वाचताच त्यांनी पुन्हा हो म्हटलं.

संगणक परत चालू केला तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत.

"माझे डाव कुठे आहेत?" वहिनींनी विचारलं.

"आहेत गो. दिसत नाहीत एवढंच."

"चार राहिले तेव्हाच बरा तुम्हाला झाडू सापडला."

"मुद्दाम नाही केलं."

"मी कुठे म्हटलं मुद्दाम?"

मी कपात बघत बसलो.

शेवटी अक्षयाला फोन लावला. खेळांबरोबर गेलेलं ते एक पॅकेज म्हणजे सगळ्या पडद्याची मोट बांधणारी दोरी होती, असं तिने सांगितलं. दोरी गेल्यावर बाकीचं सामान कोणाचंच उरलं नाही.

"बाबा, यादी वाचलीत का?"

"कोणाला लागत नाही असं तेच म्हणालं."

"जहाजावर न वाचता सही करायचात?"

भाऊंनी कीबोर्ड पुढे ओढला. ती एकेक अक्षर सांगत गेली, ते टाइप करत गेले. इंटरनेटची वायर जोडलेली होती म्हणून निभावलं. जेवणाच्या वेळेपर्यंत पडदा परत आला, पत्तेही आले. वहिनींनी चष्मा लावून आकडा पाहिला. शहाण्णव.

"राहिला कसा?" भाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज जरा जास्तच खाली होता.

"पॅकेज गेलं तरी माणसाने जमवलेलं त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतं," अक्षया म्हणाली. "आईचं आईकडेच आहे."

त्याच आठवड्यात वहिनींनी शंभर पुरे केले आणि मला बोलावून दाखवले. पुढच्या फेरीला टेम्पो दारात थांबला. वहिनी ट्रंकेपाशी बसून एकेक वस्तू वर धरू लागल्या.

"हे कोणाला लागतं?"

दोरखंड गेले, कप्प्या गेल्या. मग गणवेश निघाला. वहिनींनी तो झटकला, घडी नीट केली आणि आत नेऊन आपल्या कपाटात ठेवला.

"तो पण द्यायचा ठरला होता ना?" भाऊ म्हणाले.

"मी यादी वाचून मगच काढते," वहिनी म्हणाल्या आणि टेम्पोवाल्याला रिकामी ट्रंक उचलायला सांगितली.