चेंबरचं पॅकिंग आणि सहा कोऱ्या चिंध्या

कार्तिकातला रविवार, सकाळ. गावात देशी कापसाचं एकही झाड उरलं नव्हतं, सगळीकडे बीटीच, त्या वर्षांतलं एक वर्ष.

हजर: मी. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा. ट्रकचेही तेच मालक. दुसरबीडहून आलेले मिस्त्री चाचा. समोरच्या मामी. आणि ट्रक, जो आमच्या लग्नापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

गैरहजर: ट्रकमधलं तेल.

मी अंगणवाडीची रजिस्टरं भरते. हजेरी मांडल्याशिवाय मला काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. आमचं चेंबर श्रावणात शेताच्या वाटेवर, पांदणीतल्या एका दगडावर बसलं आणि त्याला चीर गेली. मालकांनी ती साबणाने बुजवली. अंगाचा साबण, माझा. इंजिन तापलं की साबण वितळायचा आणि दुसऱ्या दिवशी हे पुन्हा वडी घेऊन ट्रकखाली शिरायचे. दोन महिन्यांत घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा ट्रकच्या आंघोळी जास्त झाल्या.

दिवाळीनंतर मात्र मामींच्या खोलीचा प्रश्न आला, आणि तो साबणाने सुटणारा नव्हता.

मामींना एक खोली आणि एक ओसरी. पूर्वी कापूस थोडा थोडा घरी यायचा. आता बोंडं एकदम फुटतात, वेचायला बाया एकदम लागतात, कापूस एकदम घरात येतो आणि नेमका तेव्हाच भाव एकदम बसतो. उद्या चढेल, परवा चढेल म्हणत मामींनी वाट पाहिली. तोवर खोली आढ्यापर्यंत भरली आणि त्या स्वतः ओसरीत आल्या, देव आणि पिठाचा डबा घेऊन. आता त्यांची लेक मंगळवारच्या बसने जळगाव जामोदहून येणार होती. पहिलटकरीण, नववा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, आणि माहेरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीत थंडी, खोलीत कापूस.

सोमवारी सकाळी आमचा ट्रक तो कापूस विकायला जिनिंग मिलला नेणार असं ठरलं होतं. हंगामात गावातल्या बाकी गाड्या आठ दिवस आधीच लागलेल्या असतात. म्हणजे रविवारी चेंबर बदललं तर मंगळवारी लेकीला खाट, नाहीतर नाही. रविवारच्या कामाची यादी केली, तिच्या डोक्यावर मी हेच लिहिलं होतं.

दुसरं चेंबर भंगारवाल्याकडून आणलं होतं, जुनं पण धड. नवं पॅकिंग एक. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बसतो तो पातळ पट्टा, हा नसला तर सगळं तेल कडेने बाहेर. तेलाचा डबा. ग्रीस. धोतराच्या चिंध्या सहा, मोजून दिलेल्या, मोजून परत घ्यायच्या.

ट्रकखाली शिरायला खड्डा लागतो. तो आमच्या दारात तयार होता. नळाच्या पाइपसाठी खणलेली चारी दोन वर्षं तशीच पडून होती. पाइप आला नव्हता. मालकांनी ट्रक बरोबर चारीवर उभा केला आणि म्हणाले, "पाहा, सरकारी योजना कामाले आली."

चाचा सडपातळ, ते चारीत सरळ उतरले. मालकांचं पोट काठावर अडकलं. शेवटी चाचांनी खालून पाय ओढले.

"चाचा, हळू!"

"हळू काय बे. इंजिन सोपं हाय, तुह्यावालं चेंबरच मोठं हाय."

खालचा नट काढून उरलंसुरलं तेल घमेल्यात घेतलं. मामी लगेच पुढे आल्या. "ते फेकू नका बाप्पा, माह्या चौकटीले वाळवी लागली." घमेलं त्यांच्या नावावर मांडलं. बोल्ट निघाले तसे मी मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत बाजूप्रमाणे ठेवले. मोहरीच्या वाटीतले बोल्ट डावीकडचे, जिऱ्याच्या वाटीतले उजवीकडचे. चाचांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आमच्या गॅरेजात असं असतं तर मी आज मोठा माणूस असतो."

दुपारच्या नमाजाला चाचा मशिदीत गेले. जाताना सांगून गेले: दुसरं चेंबर आतून पुसून कोरडं करा, इंजिनाची कड पुसा, पॅकिंगला ग्रीस लावून वर चढवा, बोल्ट हाताने फिरवून ठेवा. आवळायला मी येतो. मी स्वयंपाकाला आत गेले. चूक एवढीच, तास-दीड तासाची.

चाचा आले, बोल्ट आवळले गेले, सगळे जेवले. मी यादी घेऊन बाहेर आले. बोल्ट संपलेले, खूण. ग्रीस, खूण. मालक तेलाच्या डब्याचं झाकण फिरवत होते. चिंध्या... सहाच्या सहा, माझ्याच घडीत, पांढऱ्याशुभ्र.

"अहो, चेंबर पुसलं ना?"

"पुसलं न."

"कशानं?"

मालकांनी मामींकडे पाहिलं. मामी कौतुकाने पुढे झाल्या. "चांगल्या धोतराच्या चिंध्या काऊन खराब करा म्हटलं. मीनं टोपलंभर कापूस आणून देला. माह्या घरी काय कमी हाय?"

चाचांनी मालकांच्या हातातला डबा काढून घेतला आणि झाकण लावलं. मग बोलले.

"काऊन बे, इंजिन हाय का समई? तेलात वाती सोडून ठेवल्या!"

कापसाचे तंतू तेलाच्या जाळीत अडकले की इंजिनाला तेल मिळत नाही, आणि मग इंजिन जागीच जाम. गाडी गावाबाहेर जाण्याआधी बसली असती. हे मालकांना आणि मला, दोघांनाही माहीत होतं. पण ज्या घरात चहात, अंथरुणात, नाकात कापूसच असतो, तिथे हात आधी कापसाकडेच जातो.

"आता काढा लागते?" मालकांनी विचारलं.

"नाही, पूजा करा तिची," चाचा म्हणाले आणि चारीत उतरले.

चेंबर पुन्हा खाली आलं. आतल्या कोपऱ्यात बोटभर कापूस ओलसर तेलाला चिकटून बसला होता. चाचांनी तो चिमटीत धरून मामींसमोर नेला. मामींचा चेहरा एवढासा झाला. "माह्याच हातानं," एवढंच म्हणाल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. मागे त्यांच्या खोलीचं दार कापसाच्या दाबाने फुगलं होतं.

पॅकिंग उतरताना तीन ठिकाणी फाटलं. रविवार, दुकानं बंद.

"पुठ्ठा पाह्यजे," चाचा म्हणाले. "जाड, लांब, अखंड."

मी घरातले पुठ्ठे मनातल्या मनात मोजले. लांबीचा एकही नव्हता. मामी उठल्या, ओसरीत गेल्या आणि भिंतीवरचा जाड पुठ्ठ्याचा फलक खिळ्यासकट उपटून आणला. बियाण्याच्या दुकानातून मिळालेली जाहिरात होती ती, अडीच फूट उंच: नारळाएवढं बोंड हातात धरून हसणारा शेतकरी.

"हा चालते?"

"मजबूत हाय," चाचा म्हणाले. "एवढं हसून बी सुरकुती नाही."

त्यांनी फलक चेंबरच्या काठावर ठेवला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत गेले. काठाच्या धारेवर पुठ्ठा आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगचा छर्रा ठेवून ठोकला की गोल भोक पडतं. अर्ध्या तासात पट्टा तयार झाला. मधला तुकडा निघाला, त्यात शेतकरी आणि बोंड शाबूत. मामींनी तो परत खिळा ठोकून भिंतीवर लावला.

या वेळी चेंबर मी पुसलं. सहा चिंध्या, सहाही काळ्या, खूण. ऊन उतरेपर्यंत तेल भरून इंजिन चालू झालं. खाली पेपर अंथरून आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. पेपर कोरडा.

"आठ दिवस जाईन," चाचा हात धूत म्हणाले. "दुकानातलं पॅकिंग आणून ठेवा, मी येऊन बसवतो. विसरू नका, बाई. याच्या भरवशावर नोका राहू."

सोमवारी कापूस गेला. भाव चढला नव्हता. मामींनी खोली झाडली, सारवली, चौकटीला काळं तेल लावलं. मंगळवारी लेक बसमधून उतरली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "आई, घरात ट्रकचा वास काऊन येते?"

नातू झाला. तो आता माझ्या अंगणवाडीतून पहिलीत गेला. ट्रक अजून त्याच पुठ्ठ्यावर चालतो. थेंब गळतो, खाली डालड्याचा डबा ठेवते. दुसरबीडच्या बाजारात चाचा दिसले की दुरूनच ओरडतात, "आणलं का?"

त्या रविवारची यादी मी जपून ठेवली आहे. सगळ्या ओळींना खुणा आहेत, शेवटची सोडून: दुकानातलं पॅकिंग आणून चाचांना बोलावणे.