सीनेची वळणं मोजणारी पोरं

परवा शुक्रवार पेठेत आमच्या दारात जनगणनेची मुलगी आली. "आजोबा, घरात माणसं किती?" माझ्या तोंडून निघालं, "चाळीस!" आतून बायको ओरडली, "अहो, दोन!"

पटसंख्या फुगवायची सवय, दुसरं काय! होटगीपलीकडच्या वस्तीवर मी एकशिक्षकी शाळेचा मास्तर होतो. पट चाळीस, आणि त्या दिवशी समोर पोरं नऊ. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला. पट घसरला की शाळा बंद, म्हणून अचानक तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांना मी ठोकून दिलं, "भूगोलाचा तास आहे. एकतीस पोरं नदीवर सीनेची वळणं मोजायला गेलीत!" साहेब खूश. असा मास्तर जिल्ह्यात नाही म्हणाले.

तेवढ्यात मल्लप्पा आला, चौथीतल्या महादेवीचा बाप. तोही उद्या तोडीला निघणार होता. "साहेब, तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांना ऱ्हायला हितं हंगामी वसतिगृह द्या की. माझी लई हुशार हाय."

"कुणासाठी देऊ? गुरुजी म्हणतात, इथून कुणीच तोडीला गेलेलं नाही. सगळी नदीवर आहेत."

मल्लप्पानं माझ्याकडं पाहिलं. तो खरं बोलला असता, तर त्याची पोर राहिली असती आणि मी गेलो असतो.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "नदीवरच हायती."

हा किस्सा मी लग्नाच्या पंगतींत रंगवून सांगतो, आणि साहेब खूश झाले तिथंच थांबवतो. दुसऱ्या दिवशी महादेवी ट्रॅक्टरात, कोयत्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून गेली. हजेरीपटावर मी तिला वर्षभर हजर ठेवली.