नाकातले दोन थेंब

पोरगी माझ्या पायांवर निळी पडली. आधी ओठ, मग नाकाभोवतीची कातडी. रडता रडता आवाज एकदम बंद झाला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. बारा दिवसांची पोरगी. तिच्या नाकात तेलाचे थेंब मीच सोडले होते, आत्ता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी पांढुर्ण्यात बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करायला जायची. हे घर कापडाच्या दुकानवाल्यांचं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाची आजी लसूण-ओवा टाकून कढवलेलं तिळाचं तेल घेऊन समोर बसायची. मी आधी टाळू भरायची, मग छाती, पाठ, हातपाय, शेवटी कानात-नाकात थेंब. सगळ्या घरी असंच. त्या दिवशी पोरीला सर्दी होती. आजी म्हणाली, "आज दोन थेंब जास्त सोड वो, छाती मोकळी होते." पोरगी टाहो फोडत होती. रडणारं बाळ श्वास आत ओढतं, एवढं मला कळायला पाहिजे होतं.

"माय वो! माही पोरगी निळी पडून राहिली!" बाळंतीण खाटेवरून ओरडली.

मी पोरीला हातावर पालथी टाकली, डोकं खाली, पाठीवर थापा. तेलाचं अंग, हातातून सटकत होतं. मग तिच्या नाकाला तोंड लावलं आणि ओढलं. तेल, शेंबूड, लसूण. थुंकले, परत ओढलं. तिसऱ्यांदा ती खोकली! मांजराच्या पिल्लाएवढा आवाज निघाला. मी पदरात गुंडाळून तशीच अनवाणी डॉक्टरकडे पळत सुटले. बाजारात लोक बाजूला होत होते. छातीशी तिची धडधड लागत होती आणि मी मोठ्यानं ओरडत होते, "खोक! आणखी खोक!"

आजी मागे धापा टाकत होती. "तेलाचं सांगू नको वो! दूध ठसकलं म्हण. जावई तिकडं सौंसरले शाळेत मास्तर हाये, आमचं नाक कापलं जाईन."

"चूप बसा अन् पाय उचला," मी म्हटलं.

डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?"

"दूध ठसकलं जी," आजी म्हणाली.

पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या. खरं सांगितलं तर गावात कोणी मला बाळाला हात लावू देणार नव्हतं. मी म्हटलं, "दूध नाही. तेल. लसणाचं. नाकात मी घातलं."

"नाकात? कोणी शिकवलं हे?"

"माह्या आईनं."

"बोलाव तिले इथं!"

"ते मरून गेली."

डॉक्टरनं पोरगी टेबलावर घेतली. नळी लावली, इंजेक्शन दिलं. म्हणाला, दूध समजून घरी पाठवली असती तर संध्याकाळपर्यंत गेली असती, तेल छातीत उतरलं आहे. नऊ दिवस पोरगी तिथं होती. मी रोज दारातून विचारायची, "दूध पेली का?" नवव्या दिवशी बाळंतीण आतूनच ओरडली, "पेली वो बाई, चावून राहिली!" मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

आजीनं मला दाराबाहेर काढलं ते काढलंच. आणखी तीन घरं सुटली. दोन महिन्यांनी सौंसरचा मास्तर स्वतः माझ्या दारात उभा. "डॉक्टरला खरं तुम्हीच सांगितलं ना? मग मालिशही तुम्हीच करा. फक्त नाकात काही नाही."

"कानातही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सौंसरला गेले, तेलाची बाटली मांडीवर धरून. मास्तरच्या बायकोनं पोरगी माझ्या पायांवर दिली. पोरीनं लाथ मारून तेलाची वाटी उलटवली. आम्ही दोघी हसत सुटलो.

ती पोरगी जगली.