कुरडयांसाठी किती हवा

बाईकवरून एकटा साताऱ्याला गेलो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच घाट, धुकं आणि गॉगल लावून लांब कुठंतरी बघणारा मी. पुसून टाका. या टूरचा मेन भाग कामोठ्यात झाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागच्या चाकाशी उकिडवं बसून.

मावसबहिणीचं लग्न परवावर आलेलं, साताऱ्यात. मावशीने रुखवतासाठी गुलाबी-हिरव्या कुरडया केलेल्या, एकेक ताटाएवढी. मुलाकडच्या बायका रुखवताभोवती फिरून काय काय बघतात ते मावशीला पक्कं माहीत. त्यामुळे एकही मोडायला नको होती. मोडली तर नवीन करायला टाइम नाही, गहूच तीन दिवस भिजत पडतात. कारमध्ये माणसंच कोंबलेली. राहिली माझी गाडी. दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे, मागच्या सीटवर तिसरा, त्याच्यावर माझी बॅग. सगळं दोरीने आवळलं.

चेन कव्हरच्या स्टिकरवर सरळ लिहिलंय, एकटे असाल तर मागच्या चाकात बत्तीस, सामान असेल तर छत्तीस. मी पायपंपाने छत्तीस भरली. मावशी खाली आली आणि कणीक भिजली का बघतात तसा टायरवर अंगठा दाबला.

"आरं, ह्यो दगड झालाय. खड्ड्यात गेला की माझ्या कुरडयांचा रवा हुईल. सोड."

सोडली. अजून सोड म्हणाली. वजन वाढलं की हवा वाढवायची असते, हे मी आमच्या सायन्सच्या सरांच्या आवाजात समजावून बघितलं. तर दहावीत सायन्सला तुला किती पडले ते सगळ्या खानदानाला माहीत आहे म्हणाली. तिचा अंगठा खूश झाला तेव्हा गेज चोवीसवर होतं. वर मला विचारल्याशिवाय हवा भरायची नाही असा दम दिला.

हायवेला लागलो. पुढचं चाक साताऱ्याला निघालेलं, मागचं अजून कामोठ्यातच रेंगाळत होतं. पनवेलच्या पंपावर थांबलो आणि मावशीला फोन लावला. आता सवय वाईट, कुणाचा तरी आवाज काढल्याशिवाय मला बोलताच येत नाही. चाक डुलतंय हे मी बातम्या वाचणाऱ्याच्या आवाजात सांगितलं. तिला वाटलं, नेहमीचा चावटपणा. हळू चालव म्हणाली आणि ठेवून दिला.

गुपचूप भरता आली असती. पण कुरडया मोडल्या तर बोलणी कोण खाणार? मला मावशीच्या वरचं कुणाचं तरी नाव पाहिजे होतं. मावशीचे मिस्टर, म्हणजे काका, महापेला कंपनीत मशीनवर आहेत आणि त्या सकाळी तिथेच पत्रिका वाटायला गेलेले. मोटर, मिक्सर, चाक, असल्या गोष्टीत मावशी फक्त त्यांचं ऐकते. आणि काकांचा आवाज म्हणजे माझा हातखंडा आयटम. हवावाल्याचा फोन मागितला, काका खाकरतात तसा दोनदा खाकरलो.

"अगं, मी बोलतोय. माझं चार्जिंग संपलंय, दुसऱ्याचा फोन आहे. पोराला छत्तीस भरू दे. काय झालं तर जबाबदारी माझी."

मग मावशी इतकी गोड बोलली की मलाच लाज वाटली. "बरं. तुमी म्हनताय तर भरू दे."

हवावाला माझ्याकडे बघतच राहिला. चाक तापलं की गेज जास्त दाखवतं, पण अजून फार तापलं नव्हतं, त्यामुळे आकडा खरा मानला. छत्तीस भरली आणि गाडी शहाण्यासारखी सरळ चालायला लागली. दणके मात्र बसत होते. खड्डा दिसला की उतरून गाडी ढकलत नेण्याचंच काय ते बाकी ठेवलं.

रात्री कारवाले पोचल्यावर कार्यालयात डबे उघडले. वरच्या थरातल्या तीन मोडलेल्या. मावशीने त्या मागे सरकवल्या आणि बाकीच्या मांडायला लागली. मला वाटलं, सुटलो.

"काय रं, ह्यांचा आवाज काढतोस?" काका शेजारीच उभे, चार पाहुणेही. कसं ओळखलंस, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"आवाज बराबर हुता. पन लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं एकदा तरी जबाबदारी माझी म्हटलंय का?"

काका मांडवाच्या झालरीकडे बघायला लागले. मग भरू का दिलीस, मी विचारलं.

"गाढवा, हवेसाठी एवढं नाटक करतोयस म्हंजे चाक खरंच हलत असनार. मग सकाळी ते बातम्यांचं सोंग कशाला? सोताच्या आवाजात सांगितलं असतंस, मावशे, पडंन मी, तर नको म्हटलं असतं का? कुरडया काय, नसत्या मांडल्या. तुला कुठं लागलं असतं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? आन् अवो, तुमी हसू नका, तुमचंबी बघते वरात गेल्यावर."